हंगामाच्या रात्री आणि गाडीतली पेटी



बॉयलर पेटला, गव्हाणीत पहिली मोळी पडली, की आपल्या भागातला रस्ता रात्रीचा झोपत नाही. थंडी आणि गाळप यांची गाठ जुनी आहे. ऊस पिकतो तोच मुळी थंडीत. रात्री गारवा आणि दिवसा स्वच्छ ऊन मिळाले की उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यात साठू लागते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा चांगल्या उताऱ्याचा काळ. तोडलेला ऊस जितका लवकर काट्यावर येईल तितके वजन टिकते व साखरही टिकते. सबब रात्रंदिवस वाहतूक करावी लागते, त्याला इलाज नाही.

पण जी थंडी उतारा देते, तीच रस्त्यावर धुके, दव आणि लांबलचक अंधारही देते. बर्फाच्या मुलखात लोक हिवाळा लागला की गाडीत फावडे, चाकाच्या साखळ्या, ब्लँकेट भरून ठेवतात. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून आपल्याला वाटते की आपल्या गाडीला हिवाळ्याची तयारी कशाला हवी? हवी. मात्र ती वेगळी आहे. आपल्याकडे गाडी बर्फात रुतत नाही, ती अंधारात बंद पडते, आणि मागून येणाऱ्याला दिसत नाही.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. कालव्याच्या पुलापलीकडे एका भरल्या ट्रॉलीचा मागचा टायर फुटला. ड्रायव्हर मुलगा चांगला होता. त्याने गाडी जमेल तेवढी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, वाढ्यांची पेंडी मागे टाकली आणि जाणाऱ्या मोटारसायकलवर बसून पंक्चरवाल्याला आणायला गावात गेला. ट्रॉलीला मागचा दिवा होता, पण त्याची वायर पहिल्याच आठवड्यात तुटली होती. रेडियमची पट्टीही होती, पण तिच्यावर वाढे लोंबत होते. चाळीस मिनिटांनी तो परतला तेव्हा ट्रॉलीमागे माणसे जमली होती. गावातलाच एक तरुण मोटारसायकलवरून आला होता आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात डोळे दिपून सरळ ट्रॉलीवर आदळला होता. तो वाचला नाही.

मुलाचे वडील आपले सभासद. ट्रॉलीचा मालकही आपलाच सभासद. आम्ही त्या घरी बसायला गेलो तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, "मागं एक दिवा असता तर?" आम्ही मान खाली घातली. कारण हंगामापूर्वी त्या ट्रॉलीची तपासणी आम्हीच केली होती. फॉर्मवर 'मागचा दिवा' या शब्दांपुढे 'आहे' असे आमच्याच माणसाच्या हातचे लिहिलेले आहे. आणि दिवा होताच की! फक्त तो पेटत नव्हता.

त्या 'आहे' या शब्दाने आम्हांला पुष्कळ शिकवले. ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हा लेख.

हिवाळ्यातच का?

पावसाळ्यात रस्ता वाईट असतो हे खरे. पण त्या वेळी ऊस वाहतूक नसते. जूनमध्ये सातनंतरही उजेड राहतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जानेवारीत सकाळचे सात वाजल्याशिवाय नीट उजाडत नाही. म्हणजे चोवीस तासांतले तेरा तास अंधार, आणि नेमक्या त्याच दिवसांत रस्त्यावर सर्वांत जास्त गाड्या.

त्यात धुके. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्या लगतची हवाही थंड होते आणि हवेतली वाफ बारीक थेंबांच्या रूपाने तरंगू लागते. जिथे पाणी जास्त तिथे धुके जास्त. नदीकाठ, कालवा, ओढ्याचा पूल आणि भिजवलेला ऊस ही त्याची हक्काची ठिकाणे. म्हणून गावाच्या वेशीवर रस्ता स्वच्छ दिसतो आणि खाली पुलावर उतरलो की समोरचे काही दिसत नाही. सायंकाळी कोणी पाचट पेटवले असेल तर तो धूरही थंड हवेमुळे वर न जाता रस्त्यावरच पसरून राहतो. पाचट जाळू नका असे आम्ही जमिनीच्या कसासाठी सांगतो. रस्त्याकडेच्या रानात तर ते माणसांच्या जिवासाठी जाळू नये.

तिसरी गोष्ट बॅटरीची. थंडीत बॅटरीचे आतले रासायनिक काम मंदावते आणि इंजिनातले तेल घट्ट होते. म्हणजे जोर जास्त लागतो त्याच वेळी बॅटरीत जोर कमी असतो. दिवाळीपर्यंत कशीबशी चाललेली जुनी बॅटरी जानेवारीच्या पहाटे दगा देते ती यामुळे.

ट्रॉली दिसत का नाही?

याचा थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही आहे हे डोळ्यांना कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी २५ मीटर लागतात. एकूण ५० मीटर. वेग ताशी ८० असेल तर हाच आकडा ८० मीटरच्या आसपास जातो. रस्ता दवाने ओला असेल किंवा त्यावर उसाचा चोथा पडलेला असेल तर याहूनही जास्त.

आता दिव्याचे पाहू. समोरून गाडी येत असली की आपण दिवा खाली करतो. खाली केलेल्या दिव्यात मातकट रंगाची, वाढ्यांनी झाकलेली ट्रॉली ४०-५० मीटरवर आल्यावर कशीबशी ओळखू येते. म्हणजे साठच्या वेगाने येणारा माणूस नशिबाने वाचेल, पण ऐंशीच्या वेगाने येणारा ट्रॉली दिसूनही थांबू शकणार नाही. मग लोक म्हणतात, "पोरगं भरधाव होतं." असेलही. पण ट्रॉली दीडशे मीटरवरून दिसली असती तर त्या भरधाव पोरालाही सहा-सात सेकंद मिळाले असते. सहा सेकंद म्हणजे रस्त्यावर एक आयुष्य असते.

आपण ज्याला 'रेडियम' म्हणतो त्याचा रेडियम धातूशी काही संबंध नाही. त्या पट्टीत काचेचे अतिबारीक मणी किंवा लहान लहान कोन बसवलेले असतात. प्रकाश जिकडून आला तिकडेच ते परत फेकतात. म्हणून मागच्या गाडीचा उजेड पडला की पट्टी त्याच गाडीवाल्याच्या डोळ्यांत लखलखते. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल, असा तिचा क्रम आहे. पण तिला स्वतःचा उजेड नाही, हे विसरू नये. तिच्यावर धूळ बसली, चिखल उडाला किंवा वाढे लोंबले की ती नसल्यासारखीच. आणि मागून येणाऱ्याचाच दिवा अधू असेल तर स्वच्छ पट्टीही दिसत नाही. म्हणून पट्टी आणि दिवा दोन्ही हवेत. एक आहे म्हणून दुसरे नको, असे म्हणता येत नाही.

पेटी कशी असावी?

ऐनवेळी वस्तू शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे. बॅटरी सीटखाली, पाना टूलबॉक्समध्ये, औषधाची पट्टी घरी, अशी आपली नेहमीची तऱ्हा. म्हणून झाकणाची एकच मजबूत पत्र्याची पेटी करावी, तिला लाल रंग द्यावा आणि ती ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या हाताशी पक्की बांधावी. ट्रॉल्या बदलतात, ट्रॅक्टर तोच राहतो, म्हणून पेटी ट्रॅक्टरवर. तिला कुलूप लावू नये. किल्ली मालकाच्या खिशात आणि पेटी रस्त्यावर, असे झाले की पेटी असून नसल्यासारखी.

सामान भरताना एकच नियम पाळावा: जे आधी लागते ते वर.

वरचा थर: दिसण्याचे सामान

गाडी बंद पडल्यावर आपला पहिला विचार दुरुस्तीचा असतो. तिथेच चूक होते. पहिली दहा मिनिटे दुरुस्तीची नव्हेत, दिसण्याची आहेत. म्हणून सर्वांत वर हे ठेवावे: घडीचे लाल त्रिकोण दोन, चुंबकाने पत्र्याला चिकटणारा लुकलुकता लाल दिवा एक, चांगली बॅटरी म्हणजे टॉर्च, तिचे जादा सेल आणि रेडियम पट्ट्यांचे जाकीट.

क्रमही ठरलेला असावा. गाडी डांबरावरून शक्य तितकी खाली घ्यावी, पण बाजूची माती भुसभुशीत असेल तर ट्रॉली कलंडेल इतकी नव्हे. ब्रेक ओढावा, पार्किंगचे दिवे लावावेत. जाकीट घालावे. चुंबकाचा दिवा ट्रॉलीच्या मागे, रस्त्याकडच्या बाजूला लावावा. मग त्रिकोण छातीपुढे धरून, रस्त्याच्या कडेकडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून मागे चालत जावे. साध्या रस्त्यावर किमान ५० मीटर, म्हणजे आपली ७० पावले. महामार्गावर १०० मीटर, म्हणजे १३५ पावले. मोजून जावे, अंदाजाने गेलेला माणूस वीस पावलांवरच थांबतो. मागे वळण किंवा पुलाचा चढ असेल तर त्रिकोण त्याच्याही अलीकडे लावावा. वळणानंतर लावलेला त्रिकोण आणि ट्रॉली दोन्ही एकदमच दिसतात, मग उपयोग काय?

दगडांविषयी स्पष्ट लिहितो. बंद गाडीभोवती दगड मांडण्याची आपली जुनी पद्धत आहे. रात्री दगड दिसत नाही, त्यामुळे तो खूण म्हणून निरुपयोगी. आणि गाडी निघून गेल्यावर दगड तिथेच राहतो. पुढच्या मोटारसायकलवाल्याला तोच घात करतो. चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे करून घ्यावेत आणि ते दोरीने ट्रॉलीलाच बांधून ठेवावेत. गाडी हलली की विसरलेले ठोकळे मागोमाग येतील. दगड येत नाहीत.

मधला थर: माणसासाठी

स्वच्छ डब्यात गॉजच्या घड्या, रुंद व अरुंद बँडेज, कापूस, चिकटपट्टी, कात्री, जंतुनाशक औषध, रबरी हातमोजे आणि एक स्वच्छ धुतलेले मोठे फडके. कोयत्याची जखम खोल असते, म्हणून बँडेज दोन-तीन जादाच असू द्यावीत. गोळ्या ठेवायच्या तर डॉक्टरांना विचारून, आणि मुदत संपलेली बदलून.

रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावे. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवावे. जखमेत हळद, कॉफी किंवा माती भरू नये. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते. मान किंवा पाठ दुखावली असावी असे वाटले तर, आगीची किंवा गाडीखाली येण्याची भीती नसेल तेव्हा, त्याला ओढून उठवू नये. अंगावर घोंगडी घालावी. रक्त गेलेला माणूस थंडीत लवकर गार पडतो.

पुष्कळ जण मदतीला जात नाहीत ते पोलीस-कोर्टाच्या धास्तीने. ती धास्ती आता सोडावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १३४-अ घातले गेले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला आपले नाव-गाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. तसेच २०२५ पासूनच्या केंद्र शासनाच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळतात. पैसे जमवण्यात वेळ घालवू नका, आधी दवाखाना गाठा.

तळाचा थर: गाडीसाठी

जॅक, जॅकखाली ठेवायची जाड फळी, चाकाचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, नेहमीच्या मापांचे पाने, बाइंडिंग तार, इन्सुलेशन टेप, थोडी वायर, जादा बल्ब व फ्यूज, एक फॅनबेल्ट, ट्रॉलीच्या हुकाची जादा पिन आणि तिच्या टोकाला लावायची खिळपिन. हुकाची पिन ही क्षुल्लक वाटणारी पण महत्त्वाची वस्तू आहे. ती झिजली किंवा उडाली तर ट्रॉली सुटते. पिनेच्या जोडीला ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये साखळी अडकवलेली असावी. पिन गेली तरी साखळी धरते.

भरली ट्रॉली नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कोणीही शिरू नये. माती दबते, जॅक तिरपा होतो. आधी फळी, मग जॅक, आणि उचलल्याबरोबर आसाखाली ठोकळ्यांचा आधार. हे जमत नसेल तर मेकॅनिकची वाट पाहावी. काट्यावर नंबर चुकला तर पुढचा लागतो.

पेटीबाहेर, पण हाताशी

पाच लिटर पाण्याचा कॅन, एक घोंगडी आणि पावडरचे आग विझवण्याचे नळकांडे. वाळलेले पाचट तापलेल्या सायलेन्सरजवळ अडकून पेट घेते. डिझेलच्या आगीवर पाणी ओतू नये, डिझेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. पावडर नसेल तर माती टाकावी.

पोटाला म्हणून गूळ आणि भाजलेले शेंगदाणे डब्यात ठेवावेत. ते नासत नाहीत, थंडीत अंगाला ऊबही देतात. उपाशी आणि गारठलेला ड्रायव्हर घाई करतो, आणि घाईत त्रिकोण लावायचा राहतो.

शेकोटी करायची तर गाडीपासून आणि उसापासून दूर. काचा बंद केलेल्या केबिनमध्ये किंवा जीपमध्ये शेगडी ठेवू नये आणि इंजिन चालू ठेवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही.

ट्रॉलीखाली झोपण्याची सवयही मोडली पाहिजे. दव लागत नाही म्हणून ड्रायव्हर, तोडणी कामगार, कधी त्यांची पोरेबाळेही यार्डात किंवा रस्त्याकडेला ट्रॉलीखाली आडवी होतात. पुढची गाडी सरकली की मागची सरकवायची घाई होते, आणि खाली कोण आहे हे कोणी पाहत नाही. गाडी हलवण्यापूर्वी बॅटरी घेऊन एक फेरी मारावी.

झाकणाच्या आत: कार्ड आणि कागद

मोबाइल सगळ्यांकडे आहे, पण ऐनवेळी तो उतरलेला असतो, किंवा नंबर मोबाइलमध्ये आणि मोबाइल फुटलेला. म्हणून एक जाड कार्ड लिहून झाकणाच्या आत चिकटवावे. पोलीस व सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. त्याखाली आपले गट ऑफिस, मालकाचे घर, नेहमीचा मेकॅनिक, आणि ड्रायव्हरचे नाव व रक्तगट. मोबाइल चार्ज करण्यासाठी भरलेली पॉवर बँक ठेवावी. फोनवर ठिकाण सांगताना "कालव्याजवळ" असे सांगू नये, कालवा कोसच्या कोस जातो. रस्ता, जवळचे गाव, किलोमीटरचा दगड किंवा पुलाचे नाव सांगावे.

लायसन्स, नोंदणीचे पुस्तक आणि विम्याच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. विमा फक्त ट्रॅक्टरचा आहे की ट्रॉलीचाही, हे आजच उघडून पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तिऱ्हाइतासाठीचा विमा सक्तीचा आहे. ट्रॉली विम्यात नसेल तर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो आणि भुर्दंड मालकाच्या शेतीवर येऊ शकतो.

बैलगाडी आणि टायरगाडी

बैलगाडीला पेटी कुठली, असे कोणी म्हणेल. पेटी नको, पिशवी पुरे. गाडीच्या मागच्या आडव्या लाकडावर लाल पट्टी, मोळ्यांच्या मागे अडकवलेला सेलवरचा लाल दिवा, गाडीवानाजवळ टॉर्च, आणि बैलांच्या शिंगांना पट्टीचे तुकडे. पूर्वी गाडीखाली कंदील टांगत. त्या काळी रस्त्यावरचा वेग बैलांचाच होता. आजच्या वेगाला तो कंदील पुरत नाही. बैल बसला तर त्याला रस्त्यावरच उठवत बसण्याआधी मागे दिवा धरून एक माणूस उभा करावा. घाम आलेल्या बैलाच्या पाठीवर गोणपाट घालावे. त्यालाही थंडी बाधते.

मोटार व जीपवाल्या सभासदांसाठी

ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनीही लहान पेटी करावी: त्रिकोण, टॉर्च, जाकीट, प्रथमोपचाराचा डबा, बॅटरी जोडण्याच्या वायरी, पाणी, चादर आणि काच पुसायला कोरडे फडके. टायरची हवा थंडीत उतरते, ती सकाळी गाडी गार असताना तपासावी. धुक्यात दिवा खालीच ठेवावा. वर केलेला उजेड धुक्याच्या थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत. मागच्याला आपण थांबलो की वळतो हे कळत नाही. अगदीच दिसेनासे झाले तर रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्ता पूर्ण सोडून पंपावर किंवा ढाब्यावर थांबावे.

आणि ट्रॅक्टरवाल्या पोरांना घरच्या माणसांनीच सांगावे, की टेप इतका मोठा लावू नका. मागून कोणी हॉर्न वाजवतोय, ट्रॉलीचे चाक आवाज करतेय, हे कानावर पडले पाहिजे. पहाटे दोन ते पाच झोप अनावर होते. तेव्हा चहा घेऊन रेटण्यापेक्षा गाडी यार्डात किंवा पंपावर लावून अर्धा तास डोळे मिटलेले बरे.

पेटी राखायची कोणी?

पेटी करणे सोपे, राखणे अवघड. त्यातली पक्कड घरी जाते, सेल पोरांच्या खेळण्यात जातात, घोंगडी गड्याबरोबर जाते. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवावा, बाजाराचा दिवस चांगला. त्या दिवशी पेटी उघडून टॉर्च पेटवून पाहावी, लाल दिवा लावून पाहावा, जे गेले ते भरावे. रोज गाडी भरून झाली की मागे लोंबणारी वाढी कापावीत आणि ओल्या फडक्याने पट्टी पुसावी. मग ड्रायव्हरने ट्रॉलीमागे वीस पावले जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. "मी मागून आलो असतो तर मला ही दिसली असती काय?" एवढा एकच प्रश्न विचारावा. याला दोन मिनिटे लागतात.

खर्चाचे म्हणाल, तर सारी पेटी ट्रॉलीच्या एका नव्या टायरच्या किमतीत बसते. जॅक, पाने आपल्याकडे असतातच. त्रिकोण, दिवा आणि जाकीट तेवढे आणायचे. तेवढेही एकदम जमत नसेल तर आज निदान वरचा थर भरा, बाकीचे पुढच्या बिलातून.

आमच्या बाजूने सांगायचे तर, या हंगामापासून तपासणीच्या फॉर्मवरचा 'आहे / नाही' हा रकाना आम्ही काढून टाकला आहे. आता तिथे 'पेटवून पाहिला' असे लिहिलेले आहे, आणि त्यापुढे पाहणाऱ्याची सही. तपासणीला येताना कृपया दिव्याची वायर जोडून या. आमचा माणूस दोन मिनिटे जास्त घेईल, रागावू नका.

ते वडील याही हंगामात ऊस घालतात. रात्री आपली गाडी निघाली की ते स्वतः रस्त्यापर्यंत येतात, ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहतात, दिवा पाहतात, आणि मगच "जा" म्हणतात. आपण सर्वांनी तेवढे करावे, हीच नम्र विनंती.